पासवर्ड बदलणाऱ्या सरांना

आदरणीय सर,


हे सगळं मी तुम्हाला आधी रीतसर अर्जातून लिहिलं होतं. विभागाच्या आवक रजिस्टरात त्याची नोंद आहे. उत्तर आलं नाही, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत तो विचारत राहायचा, हे तुम्हीच पहिल्या सत्रात शिकवलंत. तेव्हा राग मानू नये.

मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्याच्या टाकीची बातमी आमच्या विद्यार्थी पोर्टलवरून उतरवली, त्याला आता वर्ष होत आलं. वाचकांना ती बातमी काय होती हे ठाऊक नसणार, कारण ती वाचायची सोयच उरलेली नाही. म्हणून थोडक्यात सांगते. वसतिगृहात एकीमागून एक मुली पोटाच्या तक्रारींनी आजारी पडत होत्या. वॉर्डनबाईंचं उत्तर ठरलेलं : "बाहेरची पाणीपुरी खाता, दुसरं काय होणार?" आम्ही माहिती अधिकाराचं जोडपत्र 'अ' भरलं, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आणि टाकी धुतल्याच्या नोंदवहीची प्रत मागितली. तीस दिवसांची मुदत संपता संपता झेरॉक्स हातात आल्या. सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं, एका बैठकीत लिहिल्यासारख्या. तरी तेवढ्यावर बातमी होत नव्हती. तारखा वाचता वाचता प्रथम वर्षाची एक मुलगी म्हणाली, "अगं, हे तर लक्ष्मीपूजन!" त्या दिवशी वसतिगृहाला कुलूप होतं. तरी टाकी 'स्वच्छ केली' होती, खाली सही होती, शिक्का होता आणि बिलही मंजूर झालेलं होतं. लक्ष्मीपूजनाला टाकी धुवायला येणारा ठेकेदार खरोखर असेल, तर विद्यापीठानं त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारच करायला हवा.

सर, ही बातमी तुम्ही वाचली होतीत. नुसती वाचली नाहीत, तपासलीत. उपमथळा तुम्ही बदललात. 'भ्रष्टाचार' हा शब्द खोडून 'नोंदींत तफावत' केलंत आणि समासात लिहिलंत, 'सिद्ध होईल तेवढंच लिहा.' ठेकेदाराची आणि कुलसचिव कार्यालयाची बाजू घेतल्याशिवाय बातमी सोडू नका, म्हणालात. आम्ही दोन्हीकडे लेखी प्रश्न पाठवले, वाट पाहिली आणि प्रतिसाद आला नाही हेही बातमीत नोंदवलं. वृत्तलेखनाच्या प्रात्यक्षिकात त्याच बातमीला तुम्ही वर्गात सर्वाधिक गुण दिलेत.

मग विद्यापीठाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार असल्याचं कळलं. समिती येण्याच्या आदल्या रात्री बातमी गायब झाली. सकाळी लॉगइन करायला गेलो तर पासवर्ड बदललेला. ग्रुपवर तुमचा एका ओळीचा मेसेज : 'तांत्रिक कारणास्तव पोर्टल तूर्त बंद.' तांत्रिक कारण! सर, हे वाक्य एखाद्या अधिकाऱ्यानं आमच्या तोंडावर फेकलं असतं, तर "कोणतं कारण, ते विचारा" असं म्हणून तुम्ही आम्हाला उलट पावली पाठवलं असतंत.

बातमी उतरवली याचं दुःख आहेच, पण बातम्या उतरवल्या जातात हे न कळण्याइतक्या आम्ही दुधखुळ्या नव्हतो. लागलं ते वेगळंच. त्या बातमीत काय चुकलं, हे आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. कोल्हापूर प्रकरण तुम्ही किती रंगवून शिकवायचात! छापलेली पत्रं बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. म्हणून पोरांनो, कागदाची शहानिशा करा. आम्ही केली. आमचा कागद तर विद्यापीठाच्याच शिक्क्याचा होता. चूक असेल तर दाखवा, ठळक जागेवर दुरुस्ती देऊ, असं आम्ही लेखी कळवलं. तुम्ही तोंडी म्हणालात, "विभागाच्या प्रतिमेचा प्रश्न आहे." शहानिशेच्या तासाला प्रतिमेचा मुद्दा अभ्यासक्रमात नव्हता.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. विभागातले बरेच शिक्षक तासिका तत्त्वावर, वरून कधी फोन येईल याचा नेम नाही. 'माझ्यावर दबाव आहे' एवढं एक वाक्य तुम्ही बोलला असतात, तर आम्ही तुमच्या बाजूनं उभ्या राहिलो असतो. तुम्ही मात्र आम्हालाच समजावू लागलात की हा 'प्रायोगिक उपक्रम' आहे, खरं वृत्तमाध्यम नव्हे, वाईट वाटून घेऊ नका. आणि विद्यापीठानं नॅकला दिलेल्या अहवालात? तिथं आमचा फोटो आहे आणि खाली लिहिलं आहे, 'विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे चालवलेले वृत्तमाध्यम'. समितीपुढे आम्ही स्वतंत्र आणि टाकीपुढे प्रायोगिक!

असं फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठानं आपल्या विद्यार्थी दैनिकाला फर्मावलं की होमकमिंगच्या अंकात उत्सवाची माहिती तेवढी द्या, बातम्या नकोत. दैनिक १८६७ पासूनचं. तिथल्या सल्लागारानं हे राबवायला नकार दिला. त्याला काढून टाकलं आणि छापील अंकच बंद केला. तेव्हा ज्या पर्ड्यू विद्यापीठाशी यांचं मैदानावर पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, तिथल्या विद्यार्थी वृत्तपत्रानं विशेष अंक छापला आणि गाडीत घालून इंडियानाच्या आवारात नेऊन वाटला. महिना संपायच्या आत विद्यापीठाला छपाईवरची बंदी मागे घ्यावी लागली. ही बातमी वाचली तेव्हा मला पर्ड्यूच्या पोरांइतकाच तो सल्लागार आठवत राहिला. नोकरी गेली, पण आपल्या विद्यार्थ्यांना त्यानं 'तांत्रिक कारण' सांगितलं नाही.

आमचं पोर्टल पुढे पुन्हा सुरू झालं. आता प्रत्येक बातमीवर सल्लागार समितीची सही लागते. परवा पाहिलं, तर पहिल्या पाच बातम्यांत पाचही 'मान्यवरांच्या हस्ते'. सहावी ६ जानेवारीची, 'दर्पण'कार जांभेकरांच्या प्रतिमेला पुष्पहार. लक्ष्मीपूजन ओळखणारी ती मुलगी आता तिथं संपादक आहे. वसतिगृहाबद्दल काही लिहितेस का, विचारलं. म्हणाली, "ताई, सही मिळत नाही, मग गुणही मिळत नाहीत." हुशार मुलगी आहे. काय विचारायचं नाही, हेही ती तुमच्याकडूनच शिकली.

माझी मागणी मोठी नाही. माफी नको, समिती नेमू नका, मला फोनही करू नका. बातमी होती त्या जागी, लिहिणाऱ्या मुलींच्या नावांसह परत लावा. त्यात चूक सापडली तर तीही तारखेनिशी खाली छापा. हे जमणार नसेल, तर विद्यापीठाच्या अहवालातून आमचा फोटो आणि 'स्वतंत्रपणे' हा शब्द, दोन्ही काढून टाका.

आपली विद्यार्थिनी,
माजी संपादक, विद्यार्थी वृत्तपोर्टल