मे महिन्यातला मोगरा

फुलझाडे ही बंगलेवाल्यांची चैन, असे मलाही वाटे. गेल्या उन्हाळ्यात मी आईला म्हटले, "नळ तासभर येतो, अन् तू फुलांना पाणी घालतेस?" ती म्हणाली, "प्याचं पानी कोन घालते? तांदूळ धुतल्याचं आहे थे." मी गप्प झालो.

2013 च्या मे महिन्यात नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा गावात आमच्या वस्तीतल्या बाया तेलाच्या रिकाम्या डब्यांत मोगरा, सदाफुली नि ऑफिसटाइम जगवतात. दुपारी डबे भिंतीच्या सावलीत सरकतात; मुळांवर पालापाचोळा पसरला जातो. संध्याकाळी ओट्यावर चौकशी होते, "तुह्या मोगऱ्याले किती कळ्या आल्या वं?" ऑफिसटाइमची एक काडी मागणारीला दोन मिळतात. थंडीत छाटलेला मोगरा नव्या फुटव्यावर कळी धरतो, हे माझ्या आईला शाळेत न जाताही ठाऊक आहे.

पुष्पप्रदर्शने मात्र बहुधा हिवाळ्यात भरतात, जेव्हा फुलवणे सोपे असते. मित्रहो, आपल्या महाविद्यालयाने एक प्रदर्शन एप्रिलमध्ये भरवावे. कुंड्यांची अट नसावी, डबे चालावेत. आणि परीक्षक म्हणून आमच्या ओट्यावरच्या बायांना बोलवावे. पाण्याची किंमत त्यांच्याइतकी कोणाला कळते?