राईनपाडा, गडचिंचले आणि आपला संताप

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे वनवासी गाव आहे. १ जुलै २०१८ हा तेथील आठवडी बाजाराचा रविवार होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची पाच माणसे एसटीतून उतरली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसे. भिक्षा मागत गावोगाव हिंडणे ही त्यांची पिढ्यानुपिढ्यांची रीत आणि तेच पोटाचे साधन. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलू लागला, एवढे निमित्त पुरले. मुले पळवणारी टोळी आली, अशी हाकाटी उठली. जमाव त्यांच्यावर तुटून पडला, त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तेथे प्राण जाईपर्यंत मारले. जमावाच्या हातात जशी दांडकी होती तसे मोबाइलही होते. त्या मारहाणीची चित्रणे लगोलग फिरू लागली.

त्यानंतर एकवीस महिन्यांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात गडचिंचले येथे जुना आखाड्याचे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. टाळेबंदी होती, साधू सुरतेला एका अंत्यविधीसाठी निघाले होते.

यातील दुसरी घटना वाचकांना सांगावी लागत नाही. पहिली सांगावी लागते. असे का, हा प्रश्न गेली काही वर्षे मनातून जात नाही.

दोन्ही घटनांचे मूळ एकच होते. राईनपाड्याच्या आधी त्या भागातल्या मोबाइलवर ज्या चित्रफिती फिरत होत्या, त्यांची पुढे छाननी झाली. त्या काळात देशभर सर्वाधिक फिरलेली चित्रफीत अशी : गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. हे चित्रण होते कराचीचे. तेथील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तो लघुपट तयार केला होता. मूळ चित्रणात ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवटचा तुकडा कापून टाकला, बस्स. दुसरे दृश्य ओळीने निजवलेल्या चिमुकल्या मृतदेहांचे होते. या मुलांचे अवयव काढून घेतले आहेत, असे त्याखाली सांगितलेले असे. ते मृतदेह खरे होते. परंतु ती मुले सीरियातील घौता येथे २०१३ साली झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेली होती. मुलांच्या रक्षणासाठी तयार झालेला लघुपट कराचीहून निघतो, सीरियातील मेलेल्या लेकरांचे चित्र त्याला येऊन मिळते आणि साक्री तालुक्यात मंगळवेढ्याचे पाच भिक्षेकरी मारले जातात. कादंबरीत लिहिले असते तर अतिशयोक्ती म्हणून आपण हसलो असतो.

ही चित्रफीत पुढे पाठवणारे कोण होते? सारे समाजकंटक नव्हते, हेच तर या प्रकरणातले अवघड आहे. ती पाठवणाऱ्यांत बाप होते, मावश्या होत्या, शिक्षक होते, सोसायटीचे चिटणीस होते. आपल्या लेकरांविषयीच्या मायेने आणि त्या टोळीविषयीच्या चिडीने त्यांनी ती पाठवली. खाली एक ओळ जोडली : ‘आले तसे पुढे पाठवत आहे.’ या एका ओळीची मोठी गंमत आहे. पाठवल्याचे पुण्य पदरात पडते आणि खरेखोटे पाहण्याची जबाबदारी मात्र कुणावरच राहत नाही. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठी वेगळा समास राखून ठेवला. त्यांना पुढची कल्पना होती की काय, असे वाटावे. कारण राईनपाड्याच्या बाजारातल्या माणसाला कराची कोठे आणि घौता कोठे हे ठाऊक नसणे समजण्यासारखे आहे. पुण्या-मुंबईच्या कुटुंबगटांतून हीच चित्रफीत फिरवणाऱ्या पदवीधरांना ती सबब लागू पडत नाही.

त्याच आठवड्यात त्रिपुरात याहून विलक्षण गोष्ट घडली. मुले पळवणारी टोळी वगैरे काही नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका, असे ध्वनिवर्धकावरून गावोगाव सांगत फिरण्यासाठी शासनाने एका माणसाची नेमणूक केली होती. २८ जून २०१८ रोजी जमावाने त्यालाच मारून टाकले.

आमच्या पिढीने पत्रकारिता सुरू केली तेव्हा बातमी टेलिप्रिंटरवर येई आणि वार्ताहर फोनवरून मजकूर सांगे. दंगलीची किंवा मृत्यूची बातमी असली की मुख्य उपसंपादक मान वर न करता एकच प्रश्न विचारत : ‘पाहिले कुणी?’ ऐकले कुणी, असे नव्हे. ज्याने पाहिले त्याचे नाव नसेल तर कागद परत येई. आम्हा तरुणांना त्याचा राग येत असे; दुसऱ्या दैनिकाने बातमी आधी छापली तर काय, हा धाक होता. पण त्या परत आलेल्या कागदाने किती घरे वाचवली असतील, याची नोंद कुठल्याच दैनिकात नाही. टळलेल्या अनर्थाची बातमी होत नसते.

आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे आणि तो प्रश्न विचारणारा कुणी नाही. २०१६ च्या सप्टेंबरपासून इंटरनेट स्वस्त झाले, ते वाडीवस्तीपर्यंत पोहोचले, ही उत्तमच गोष्ट झाली. पण त्या यंत्रणेची रचना कशासाठी झाली आहे हेही पाहिले पाहिजे. फेसबुकने २०१६ मध्ये ‘लाइक’च्या जोडीला प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग यांची चिन्हे दिली. २०१७ पासून यातील प्रत्येक चिन्हाला साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन मिळू लागले. म्हणजे ज्या मजकुराने माणसे चिडतील तो अधिकाधिक लोकांपुढे नेऊन ठेवायचा, हे यंत्र आपोआप शिकले. रागाचे हे वजन शून्यावर आणायला सप्टेंबर २०२० उजाडला आणि हा सारा हिशेब जगाला कळला तो २०२१ मध्ये, कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली तेव्हा. आपल्याला वाटत होते आपण चिडलो आहोत. कुणीतरी आपल्या चिडण्यावर दुकान चालवत होते.

तथापि सगळा दोष यंत्राच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या तीन संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या आणि मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होती. १५०० माणसांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागत होता. यांत्रिक खाती वगळून पाहिली तरी फरक तसाच राहिला. पाठवणारी माणसेच होती.

आता गडचिंचलेकडे येऊ. तेथे जे घडले त्याचा संताप यावा हे स्वाभाविकच नव्हे, आवश्यक होते. पोलीस समोर असताना भगव्या वस्त्रातील वृद्ध संन्याशाला जमाव मारतो, हे दृश्य पाहून ज्याचे रक्त उसळले नाही त्याच्याविषयी काय बोलावे? महाराष्ट्राच्या माथ्यावरचा तो कलंक आहे आणि शासनाला जाब विचारलाच पाहिजे होता. पण तो संताप केव्हा सुरू झाला आणि कुणीकडे गेला, हे शांतपणे पाहू.

चित्रफिती बाहेर आल्या त्या हत्येनंतर तीन दिवसांनी, आणि मग देश पेटला. मात्र डहाणूच्या त्या पट्ट्यात रात्री चोर येतात, मुले पळवणारे, अवयव काढणारे येतात, ही आवई त्याआधी कितीतरी दिवस फिरत होती. दोनच दिवस आधी, १४ एप्रिलला, जवळच्याच सारणी गावात वनवासी बांधवांच्या मदतीसाठी फिरणाऱ्या एका डॉक्टरवर आणि त्यांना सोडवायला गेलेल्या पोलिसांवर जमावाने हल्ला केला होता. ते वाचले, म्हणून बातमी आतल्या पानावर गेली. संतापाने काही साधायचे होते ते त्या दिवशी. त्या दोन दिवसांत पाड्यापाड्यावर माणसे गेली असती, अफवा खोटी आहे असे ओळखीच्या तोंडून लोकांनी ऐकले असते, तर कदाचित १६ तारखेची ती रात्र टळली असती. त्या दोन दिवसांत आपण फोनवर काय पाठवत होतो, हे ज्याचे त्याने आठवावे. सर्वाधिक फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे बंधन व्हॉट्सअ‍ॅपने ७ एप्रिल २०२० रोजी घातले होते. त्यानंतर नऊ दिवसांनी गडचिंचले घडले. वाडीवरच्या अफवेला फोनही लागत नाही. आधी पेरून ठेवलेले पुरते.

हत्येनंतरही तेच झाले. मारणारे कुठल्या धर्माचे यावरच दोन दिवस युद्ध जुंपले. अखेर २२ एप्रिलला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली आणि तीत एकही मुसलमान नसल्याचे सांगितले. वाद तेवढ्याने थांबला नाही, फक्त त्याला दुसरा प्रतिपक्ष मिळाला. या सगळ्यात ज्या अफवेने माणसे मारली, तिच्याविषयी कोण बोलत होते?

येथेच राईनपाड्याचे उत्तर सापडते. डवरी गोसावी हे नाथपंथाचे, गोरक्षनाथांना मानणारे. पहाटे दारात येऊन डमरू वाजवणारा गोसावी ज्यांनी लहानपणी पाहिला आहे, त्यांना तो परका वाटणार नाही. म्हणजे राईनपाड्यातही भिक्षेवर जगणारे हिंदूच मारले गेले होते, तेही पाच. मग आपले रक्त तेव्हा का उसळले नाही? काही दिवस हळहळ झाली, शासनाने मदत जाहीर केली, विषय मिटला. कारण सरळ आहे. मारणारे वनवासी, मरणारे भटके. दोघेही गरीब, दोघेही आपलेच. बोट दाखवायला समोर कुणी प्रतिपक्ष नव्हता. प्रतिपक्षाशिवाय ज्याला चूल पेटवता येत नाही असा संताप मेलेल्या माणसांसाठी नसतो, हे आपल्या जवळच्या माणसांना सांगायची वेळ आली आहे.

आणि भटक्यांच्या बाबतीत तर हा हिशेब फार जुना आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण हिंडणारा माणूस दिसला की संशय घ्यायची सवय कायद्याबरोबर गेली नाही. पूर्वी ती सवय गावच्या वेशीपुरती होती. आता तिला कराचीहून चित्रफीत मिळते.

कायद्याने आपल्या परीने पावले टाकली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावहत्येविषयी राज्यांना सविस्तर निर्देश दिले, प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार अधिकारी नेमायला सांगितले. राईनपाड्याला बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवशी, १ जुलै २०२४ रोजी, लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जमावाने केलेल्या हत्येला स्वतंत्र स्थान मिळाले. हे सारे योग्यच. पण कायदा येतो तो प्रेत पडल्यावर.

या साप्ताहिकाच्या वाचकांपाशी एक गोष्ट अशी आहे, जिचा आम्हा पत्रकारांना हेवा वाटावा. महाराष्ट्राच्या बहुतेक तालुक्यांत त्यांच्या ओळखीचा एखादा तरी माणूस असतो. साक्रीत असतो, डहाणूत असतो, मंगळवेढ्यात असतो. ही ओळख घरी जाऊन, ताटाला ताट लावून जेवून झालेली असते. एखाद्या गावात काही भयंकर घडल्याचा संदेश आला, तर त्या गावच्या माणसाला फोन करून ‘पाहिले का?’ एवढे विचारायला पाच मिनिटे लागतात. घटना खरी निघाली तर तोच माणूस पीडिताच्या दारात सर्वांत आधी पोहोचेल. खोटी निघाली तर ज्या गटात संदेश आला त्याच गटात, त्याच वडीलधाऱ्यांसमोर, ‘काका, हे खरे नाही, मी चौकशी केली’ असे लिहावे लागेल. हे दुसरे काम अवघड आहे. त्याने वाईटपणा येतो, लग्नकार्यात टोमणे ऐकावे लागतात.

ज्या रविवारी राईनपाड्यात ती पाच माणसे मेली, त्याच रात्री मालेगावातही मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना घेरले होते. त्यांत दोन वर्षांचे एक मूल होते. जमावही तसाच होता आणि संशयही तोच. तेथे कुणीतरी मध्ये पडले, त्यांना आसरा मिळाला, पोलिसांनी त्यांना बाहेर काढले आणि पाचही जण जिवंत राहिले.