स्लॅबवरचा पत्रा

दापोलीहून हर्णैकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांची नवी घरं पाहत चला. सपाट स्लॅब, पुढे गोल खांब, भिंतींना झगझगीत रंग. आणि त्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून चढवलेला निळा नाहीतर लाल पत्रा. एका घराला दोन छपरं. स्लॅब पाझरायला लागला म्हणून वर पत्रा आला. कौलं उतरवून स्लॅब टाकायचा, आणि काही पावसाळ्यांनी पदरचे आणखी पैसे घालून पुन्हा उतरत्या छपराकडेच यायचं, हे आमच्या भागात इतकं सर्रास झालंय की त्याचं कुणाला काही वाटत नाही.

मला वाटतं, कारण माझी उभी नोकरी ठाणे-पालघरकडे साइट सुपरवायझर म्हणून स्लॅब भरून घेण्यात गेली. आता गावच्या घरात राहतो. आजोबांनी बांधलेलं, चिऱ्याच्या भिंतींचं, मंगलोरी कौलांचं घर. पुतण्याला ते पाडून नवं बांधायचंय आणि हिस्सेदार म्हणून माझी सही हवी आहे. मी ती देत नाही. घरातली बरीचशी मंडळी समजतात की काका जुन्या आठवणींत अडकलेत. आठवणी आहेतच, पण माझं कारण बांधकामाचं आहे.

घर जुनं की नवं, याआधी मी एवढंच विचारतो, की ते बिघडलं तर दुरुस्त कोण करणार आणि त्यासाठी किती उचकटावं लागणार?

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खाडीवरून खारी हवा येते. आयएस 456 या मानकात समुद्रकाठच्या बांधकामाला सळईवर साधारण 45 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण सांगितलंय. प्रत्यक्षात काय होतं? कव्हर ब्लॉकऐवजी सळईखाली खडीचा तुकडा सरकवलेला असतो, व्हायब्रेटर लागला की तोही निसटतो आणि सळई फळीला टेकते. माल सहज पसरावा म्हणून मिक्सरमध्ये पाणी वाढवलं जातं. शिवाय आमच्याकडे स्लॅब पडतो तो पावसाच्या आधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. त्याला निदान आठवडाभर तरी सतत भिजत ठेवायला हवं, आणि नेमकं तेव्हा विहिरींनी तळ गाठलेला असतो. टँकरचं पाणी माणसांनी प्यावं की स्लॅबला पाजावं? मग दिवसातून एकदा बादलीभर शिंपडून भागवलं जातं.

असा स्लॅब दहा-बारा पावसाळे काढतो. मग छताला सळईच्या रेषेत तडा उमटतो, पोपडा फुगतो आणि एक दिवस काँक्रीटची खपली खाली येते. लोखंड गंजलं की फुगतं आणि अंगावरचं काँक्रीट फोडतं. बाहेर दिसेपर्यंत तो आजार आत बराच पसरलेला असतो, आणि गावातल्या गवंड्याला त्यावर वरून सिमेंट थापण्यापलीकडे काही करता येत नाही. नीट केलेलं काँक्रीट टिकतं, हे मी नाकारत नाही. पण ते नीट करून घ्यायला पैसा, पाणी आणि जाणती नजर एका जागी लागते, आणि या तिन्ही गोष्टी मेमध्ये आमच्या वाडीत एकत्र सापडत नाहीत.

आता जुन्या घराची दुरुस्ती सांगतो. गेल्या वर्षी पडवीच्या कोपऱ्यातला एक वासा वाळवीने खाल्ला. अंगठा दाबला तर आत भुसा. सुतार सकाळी आला. तेवढ्या पट्ट्यातली कौलं काढून त्याने अंगणात ओळीने लावली, रिपा सोडवल्या, वासा खाली घेतला. गोठ्याच्या माळ्यावर किंजळीचा एक जुना वासा पडून होता, तो तासून मापाला आणला. काजूच्या टरफलांचं काळं तेल त्याला दोनदा पाजलं. त्या तेलाला हात लागला तर कातडी सोलवटते, म्हणून काठीला चिंधी बांधून. संध्याकाळी कौलं परत चढली आणि आम्ही त्याच पडवीत जेवायला बसलो. बाकी घराला धक्काही नाही.

याउलट, डोंबिवलीत आमच्या फ्लॅटच्या न्हाणीघराचं छत गळत होतं. गळतीचं मूळ वरच्या बिऱ्हाडाच्या फरशीखाली, म्हणजे दुसऱ्याच्या घरात. पत्रं, सोसायटीची मीटिंग, ठराव, कंत्राटदाराची गॅरंटी, सगळं झालं, गळती राहिली. जिथे राहायचं ते घर स्वतःच्या हाताने दुरुस्त करता येत नाही, याचा जाच मी तिथे वर्षानुवर्षं सोसला.

उतरवलेल्या त्या कौलांच्या पाठीवर मंगळुरूच्या कारखान्याचा ठसा आहे. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरूला कौलांचा कारखाना काढला, पुढे तिथे असे बरेच निघाले आणि तो माल गलबतांतून किनाऱ्याने वर आला. त्याआधी आमच्याकडे कुंभाराचे नळे असत. म्हणजे आजोबांनी कौलं घातली तेव्हा तीही नवीच चीज होती. त्यांनी नळे उतरवले, भिंती आणि खांब ठेवले. मला नेमकं तेच करायचंय.

जुन्या घराची दुखणी मला ठाऊक आहेत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही शेजारच्या स्लॅबच्या घरात जाऊन बसलो होतो, आणि त्या घराचे आमच्यावर उपकार आहेत. आमची कौलं उडाली, फुटली. पुढे बाजारात कौलं मिळेनात; ताडपत्रीखाली पावसाळा काढला आणि जमतील तशी दोन-तीन छापांची कौलं गोळा करून छप्पर भरलं. वानरं तर रोजची. एक टोळी आढ्यावरून धावत गेली की चार कौलं तडकतात, आणि कित्येकांनी केवळ वानरांच्या त्रासापायी कौलं काढली आहेत. त्यांना मी दोष देत नाही. चुली गेल्या तसा वाशांना मिळणारा धूरही गेला, म्हणून वाळवी आणि भुंगा वाढला. गणपती-शिमग्यापुरती उघडणारी घरं तर आतून कधी पोखरली जातात ते कळतही नाही.

याहून खरी तक्रार माझ्या पत्नीची. जुन्या घराचं कौतुक करणारे ओटीवर बसतात; तिचा दिवस मागच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात जायचा. इथे कायमचं यायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, "आधी संडास घरात आणा, मग बाकीचं बोला." ती म्हणते तसंच आधी केलं. पडवीच्या टोकाला संडास-न्हाणी आली. स्वयंपाकघराच्या भिंतीतले चिरे काढून रुंद खिडकी पाडली, ओट्याच्या बरोबर वर चार काचेची कौलं बसवली. आता दुपारी तिथे निवडण-टिपणाला दिवा लागत नाही. हे सगळं त्या घराने मुकाट्याने घेतलं, कारण चिऱ्याची भिंत कापता येते आणि सांधताही येते. ज्या जुन्या घरात बाईला उजेड आणि जवळ संडास देता येत नाही, ते राखावं असं मी कुणाला सांगणार नाही.

मला काळजी आहे ती हातांची. आमचा सुतार साठीपुढचा आहे, त्याचा मुलगा चाकणला कंपनीत. चुन्यात दर्जा भरणारा गवंडी आता दोन गावं हिंडावं तेव्हा भेटतो. नसला की लोक चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा चढवतात, भिंतीतली ओल आत कोंडते आणि मग 'जुनं घर कुजलं' म्हणून तेच पाडतात. दुरुस्तीसाठी कर्ज विचारायला गेलो तर घराचं वय विचारलं. भिंत बघायला कोणी आलं नाही. कोकणातल्या आयटीआयमध्ये चुना, चिरा आणि कौलं यांचं काम शिकवायला हवं आणि दुरुस्तीला नव्या बांधकामाइतक्याच सुलभपणे कर्ज मिळायला हवं. नवं बांधायचंच असेल त्यांनी निदान पहिल्यापासून उतरतं छप्पर घ्यावं, म्हणजे पुढे पत्र्याचा खर्च वाचेल.

पुतण्यापुढे मी दुसरा कागद ठेवलाय. मागच्या अंगाला दोन नव्या खोल्या, चिऱ्याच्या, वर कौलं, सोबत त्याच्या पसंतीचं न्हाणीघर. त्यावर मी आजच सही करतो. ओटी आणि माजघर पाडायच्या कागदावर करणार नाही. तो विचारतो, "काका, तुमच्यानंतर वर कोण चढणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणून यंदाच्या शाकारणीला त्याला आठ दिवसांची रजा काढून यायला सांगितलंय. सुतार शिकवायला तयार आहे.