साग्रादा फामिलिया नक्की कोणाची?
बार्सिलोनातील साग्रादा फामिलियाच्या तळघरात, वास्तुकार अंतोनी गौदीच्या थडग्यापाशी, बहुतेकांना ट्रामचा अपघातच आठवतो. १९२६ साली जुन्या कपड्यांतील हा वृद्ध भिकारी समजला गेला, उपचारांना विलंब झाला. परंतु वास्तूवरचा खरा आघात १९३६ चा. यादवी युद्धाच्या आरंभी त्याची कार्यशाळा जाळली गेली, प्लास्टरच्या प्रतिकृती फोडल्या गेल्या. पुढील वास्तुकारांनी ते तुकडे जुळवून काम पुढे नेले. तरीही ‘ही आता गौदीची वास्तू नव्हे’ असा आक्षेप आहेच. तो पटण्याजोगा नाही. १८८३ मध्ये गौदीनेही दुसऱ्याने आरंभिलेलेच काम हाती घेतले होते. आपल्या हयातीत ते संपणार नाही, हे ओळखून त्याने एक दर्शनी बाजू आधी उंच नेली. पुढच्यांना माघार घेता येऊ नये म्हणून!