परसदारची बैठक

घर बांधताना पुढच्या बाजूचा विचार आपण मनापासून करतो. फाटक कसे असावे, व्हरांड्यात खुर्च्या कोठे मांडाव्यात, कुंड्या कोणत्या ठेवाव्यात, याची चर्चा घरात दिवसेंदिवस चालते. मागच्या बाजूचा विचार मात्र सर्वांत शेवटी होतो, आणि पुष्कळदा होतच नाही. आपल्या जुन्या घरांत याला कारण होते. पाहुण्याचे स्वागत ओटीवर किंवा तुळशीवृंदावनापुढच्या अंगणात व्हावयाचे. परसात विहीर, न्हाणीघर, धुण्याचा दगड आणि सांडपाण्यावर वाढणारी केळ व अळू. परस म्हणजे कामाची जागा, तेथे पाहुण्याला न्यावयाचे नसते, असा संकेत त्यातून रूढ झाला.

शहरात जमिनीच्या लहानशा तुकड्यावर घर असणाऱ्या कुटुंबाला हा संकेत महाग पडतो. पुढची जागा रस्त्याच्या नजरेखाली असते. मागची जागा भिंतीच्या आड, स्वयंपाकघराला लागून आणि खऱ्या अर्थाने आपली असते. पण ती मोडक्या खाटा आणि रिकामे डबे यांच्या स्वाधीन होते. पाहुणे मात्र आत, पंख्याखाली, गर्दी करून बसलेले असतात. या जागेचे बैठकीत रूपांतर कसे करावे, हे आज चंदीगढच्या घरांच्या आधाराने पाहू.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला नव्या राजधानीची गरज पडली. त्यातून चंदीगढ उभे राहिले. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शहराच्या आराखड्याबरोबर ल कॉर्ब्युझिए यांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पण सामान्य कर्मचाऱ्यांची घरे मुख्यतः पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी आखली. फ्राय आणि ड्रू यांनी त्याआधी पश्चिम आफ्रिकेतील उष्ण प्रदेशात काम केलेले होते. वेतनानुसार सरकारी घरांचे तेरा प्रकार ठरले. लहान घरे एकमेकांना लागून ओळीने बांधली गेली. साध्या विटांच्या भिंती, उन्हाला अडवून वारा आत घेणाऱ्या विटांच्या जाळ्या, आणि अगदी कमी वेतनाच्या नोकराच्या घरालाही भिंतीने वेढलेले अंगण. उत्तर भारतात उन्हाळ्याच्या रात्री माणसे उघड्यावर बाजा टाकून झोपत. त्यामुळे आकाशाचे छप्पर असलेले अंगण ही तेथील घराची एक खोलीच होती. मापात लहान असलेल्या घराला त्या अंगणाने मोठेपण येत असे.

पुढे कुटुंबे वाढली, सामान वाढले, आणि कित्येक घरांत हे अंगण पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली गेले. अडचणीच्या संसारात असे करणाऱ्यास दोष देणे सोपे नाही. तरी हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. एक अंधारी खोली पदरात पडते. त्या बदल्यात स्वयंपाकघराचा उजेड जातो, मागून पुढे वाहणारा वारा थांबतो, आणि दहा माणसांना एकत्र बसण्याची जागा कायमची नाहीशी होते. छप्पर घालण्यापूर्वी त्या अंगणाचा उपयोग करून पाहिला आहे काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा.

अंगणाच्या मांडणीत पहिला मान खुर्च्यांचा नसून सूर्याचा आहे. चंदीगढला मे-जून महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी आणि सकाळी धुके असते. एकाच जागेत उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन हवे असते. हे कसे साधावे? त्याचे उत्तर सूर्याच्या उंचीत आहे. तेथे २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८३ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तो केवळ ३६ अंशांपर्यंत चढतो आणि दक्षिणेकडे राहतो. म्हणून सहा फुटी भिंतीची सावली जूनच्या मध्यान्ही जेमतेम नऊ इंच पडते, तर डिसेंबरात तीच उत्तरेकडे सव्वाआठ फूट लांब पसरते.

यातून निघणारा नियम सोपा आहे. अंगणाच्या दक्षिणेकडील भिंतीला टेकून बसणारा माणूस हिवाळ्यात दिवसभर सावलीत कुडकुडेल. उत्तरेकडील भिंतीला पाठ लावून दक्षिणेकडे तोंड करून बसणाऱ्याला दुपारचे ऊन मिळेल. उलटपक्षी, उन्हाळ्यातील संध्याकाळी सूर्य पश्चिमेकडे उतरत असता पश्चिमेच्या भिंतीच्या पायथ्याशी सावली आधी येते. या दोन्ही भिंती जेथे मिळतात तो वायव्येचा कोपरा दोन्ही ऋतूंना उपयोगी पडतो. कायमची बैठक बांधावयाची असेल तर ती येथे बांधावी.

यात घराची दिशा मात्र लक्षात घ्यावी. अंगणाच्या दक्षिणेस आपले दुमजली घर असेल, तर त्याच्या वीस फूट उंचीची सावली डिसेंबरच्या मध्यान्ही सुमारे सत्तावीस फूट जाईल आणि अंगणात ऊन उतरणारच नाही. अशा कुटुंबाने हिवाळ्याची बैठक गच्चीवर किंवा पुढच्या बागेत ठेवावी आणि परस उन्हाळ्यासाठी राखावे. घर अंगणाच्या पश्चिमेस असेल, तर उन्हाळ्याची संध्याकाळ फार सुखाची जाते. घर पूर्वेस असेल, तर पश्चिमेची बाजू वेलींनी झाकल्यावाचून गत्यंतर नाही. कागदावर काही आखण्यापूर्वी एक रविवार यासाठी द्यावा: सकाळी नऊ, दुपारी बारा आणि सायंकाळी पाच वाजता सावलीची कड खडूने जमिनीवर आखावी. हा खर्चाशिवायचा आराखडा सर्वांत विश्वासाचा असतो.

बैठकीसाठी आपल्या ओळखीचा कट्टा सर्वांत उत्तम. विटांचा, सोळा इंच उंच आणि अठरा इंच रुंद कट्टा भिंतीलगत काटकोनात बांधावा. एक बाजू आठ फूट व दुसरी सहा फूट. कोपऱ्यात गुडघे अडतात म्हणून तेथील जागा सोडली, तरी सहा माणसे आरामात बसतात. वर कोटा किंवा शहाबादी फरशी बसवावी आणि ती पुढे दोन इंच काढावी, म्हणजे टाचा आत घेता येतात. उन्हात फरशी तापते आणि थंडीत गारठते. सबब जाड सतरंजी किंवा गाद्या हव्यात. उरलेल्या मंडळींसाठी तिकडे मिळणारे सरकंड्याचे मुढे हलके आणि स्वस्त पडतात. बाज तर हवीच. दिवसा ती बैठक होते, रात्री बिछाना. मोठी मेज ठेवण्याचा मोह टाळावा. तीन फूट रुंद आणि पाच फूट लांब मेजेभोवती खुर्ची सरकवून माणूस जाण्यास चारी बाजूंनी तीन-तीन फूट लागतात, म्हणजे नऊ फूट बाय अकरा फूट जागा एका मेजेने व्यापली. लहान अंगणात घडीची मेज बरी.

जमिनीवर सिमेंटचा कोबा घालू नये. तो दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता परत देतो. शिवाय पावसाचे पाणी जमिनीत मुरू देत नाही. चंदीगढची वीट चांगली आणि सहज मिळणारी आहे. जमीन ठोकून घ्यावी, दोन इंच वाळू पसरावी, तीवर विटा आडव्या लावाव्यात आणि सांधे वाळूनेच भरावेत. चौदा फूट बाय दहा फूट जागेला नऊ इंच बाय साडेचार इंचांच्या सुमारे ५०० विटा लागतात. घराकडून बाहेर दर पाच फुटांस एक इंच उतार द्यावा. पावसाळ्यात अशा विटांवर शेवाळ धरते. ते खराट्याने घासून काढावे, नाहीतर वृद्ध माणसे घसरतील. उन्हाळ्यात सूर्य कलल्यावर या विटांवर पाण्याचा सडा घातला की त्या पाणी पितात, आणि ते पाणी उडून जाताना अंगण थंड होते. सारवलेल्या अंगणात सडा घालणाऱ्या आपल्या आजीला हे शास्त्र ठाऊक होते. हवा कोरडी असते तोवरच हा उपाय चालतो, श्रावणात नाही.

फुटक्या फरश्यांचेही चीज होते. नेकचंद या रस्ते निरीक्षकाने १९५७ च्या सुमारास टाकाऊ कपबश्या, बांगड्या आणि फरश्यांचे तुकडे जमवून एक बाग गुपचूप रचावयास घेतली. ती १९७६ मध्ये लोकांना खुली झाली आणि आज रॉक गार्डन म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. घरातील मुलांनी अशा तुकड्यांनी कट्ट्याची एखादी बाजू सजवली, तर ती बैठक त्यांना आपली वाटेल.

सावलीसाठी कायमचा पत्रा घालण्यापेक्षा वेल बरी. चंदीगढच्या रस्त्यांवरील झाडे निवडण्यात डॉ. एम. एस. रंधावा यांचा मोठा वाटा होता, आणि त्यामागे झाड कोणत्या ऋतूत काय देते याचा विचार होता. घरातही तोच विचार करावा. आठ फूट उंचीच्या मांडवावर द्राक्षवेल चढवावी. नाशिककडे द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटून पाने-फळे घ्यावी लागतात. पंजाबच्या थंडीत मात्र ती आपण होऊन पाने गाळते. म्हणजे उन्हाळ्यात दाट सावली आणि डिसेंबरात मोकळे ऊन, दोन्ही एकाच मांडवाखाली मिळतात. फळ पिकताच काढून घ्यावे, नाहीतर गांधीलमाशा येतात. भिंतीच्या कडेला मोगरा आणि एखादे लिंबू पुरे. पिंपळ, वड किंवा उंबर यांचे रोप भिंतीत उगवलेले दिसले तर वेळीच काढावे. मे-जूनमध्ये तेथे धुळीची वादळे येतात, म्हणून उघडी ठेवलेली मोठी छत्री किंवा सैल ताडपत्री धोक्याची असते.

धुणे-भांडी परसातच राहणार. ती कोठे जाणार? त्यांच्यासाठी एका बाजूला जागा राखून मध्ये पाच फूट उंच विटांची जाळी बांधावी. नजर अडते, वारा अडत नाही. सांडपाण्याचा मार्ग बैठकीकडून जाता कामा नये. कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने पिंप, पक्ष्यांसाठी ठेवलेले भांडे, यांतील पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण ओतून भांडे कोरडे करावे. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. दिवा डोक्यावर प्रखर नको. कट्ट्याच्या पातळीवर मंद आणि पिवळसर असावा, म्हणजे कीटक कमी येतात आणि शेजाऱ्याच्या शयनगृहात उजेड जात नाही. ओळीतल्या घरांत भिंत दोघांची असते, तसा आवाजही दोघांचा असतो. रात्री दहानंतर गाणे बंद करावे. शेगडी किंवा तंदूर पेटवावयाचा असेल, तर धूर कोणाच्या खिडकीत जातो हे आधी पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे पाहुणे येतात तेव्हा घरची कर्ती स्त्री बहुधा त्यांना भेटतच नाही. ती चहा देते, ताटे वाढते, पुन्हा आत जाते. गप्पांचा शेवट तिच्या कानी पडतो तो निरोपाच्या वेळी. ज्या बैठकीने हे बदलत नाही, ती कितीही सुंदर असली तरी अपुरीच. परस स्वयंपाकघराला लागून असते, हा त्याचा मोठा गुण आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीला बाहेरून तीन फूट उंचीवर एक रुंद फळी बसवावी. आतून पदार्थ त्या फळीवर यावेत आणि बाहेरच्यांनी आपापले वाढून घ्यावे. पाण्याचा माठ, पेले आणि खरकटी भांडी ठेवण्याची जागा बाहेरच असावी, म्हणजे कोणालाही आत हाक मारावी लागत नाही. पराठे भाजावयाचे असतील तर शेगडी बाहेर आणावी आणि घरातील पुरुषांनी व मुलांनीही पाळी घ्यावी. कट्ट्यावर तिच्यासाठी एक जागा नेहमी मोकळी राहावी, आणि ती कडेला नसून मधली असावी.

महाराष्ट्रातील वाचकांनी यातील मापे आपल्या गावाप्रमाणे बदलावीत. नागपूरला डिसेंबरच्या मध्यान्ही भिंतीची सावली जवळजवळ भिंतीच्या उंचीइतकीच पडते, म्हणून तेथे बैठक भिंतीपासून थोडी मोकळी ठेवली तरी चालते. पण उन्हाळ्याची सावली आणि सडा यांची गरज चंदीगढइतकीच. कोकणात उन्हापेक्षा पावसाचा विचार आधी करावा. तेथे पडवीचे छप्पर थोडे पुढे काढणे आणि जांभ्याचा कट्टा हेच सोयीचे. सदनिकेत राहणाऱ्यांनी गच्चीवर शेजाऱ्यांसह सामाईक बैठक करण्यास हरकत नाही.

हे सारे एकदम करावयाचे नाही. पहिल्या महिन्यात अडगळ काढावी आणि सावली आखावी. दुसऱ्या महिन्यात विटा लावाव्यात, कट्टा त्यानंतर. द्राक्षवेल थंडीच्या अखेरीस लावावी आणि तिला मांडव भरण्यास दोन-तीन वर्षे द्यावीत. दरम्यान कापडाचे छत चालेल. खुर्च्या विकत आणण्याची घाई मुळीच नको. ऑक्टोबरात पाऊस थांबून हवा निवळली की चार माणसांना बोलवावे, बाज टाकावी आणि खिडकीच्या फळीवर चहाची किटली ठेवावी. कोठे काय कमी आहे, ते त्या एका संध्याकाळी आपोआप कळेल.