वसुली झालीच पाहिजे

अपघाताची भरपाई विमा कंपनीने भरली आणि नंतर ती गाडीमालकाकडून वसूल केली, की येडगाव-नारायणगाव पट्ट्यात ओरड सुरू होते. परवा एका जाणत्या गृहस्थांनी ती भर सभेत मांडली: हप्ता घेतलाय ना, मग भरा पैसे, शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा कशाला? टाळ्या पडल्या, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

हप्ता कशाचा घेतला होता? लायसन असलेल्या चालकाकडून होणाऱ्या चुकीचा. लायसन नसलेल्या पुतण्याच्या हाती टोमॅटोने भरलेली पिकअप सोपवण्याचा नव्हे. 2004 च्या स्वरन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्ग घालून दिला: कंपनीने आधी पीडिताला द्यावे, मग मालकाकडून घ्यावे. त्याच निकालात मालकालाही संरक्षण आहे. निष्काळजीपणा मालकाचाच होता, हे कंपनीने सिद्ध करायचे. लायसन पाहून, हात पारखून चालक ठेवला आणि पुढे ते लायसन बनावट निघाले, तर मालकाकडून वसुली नाही. बोजा चढतो तो ज्याने पाहण्याची तसदीच घेतली नाही त्याच्यावर. तो माफ केला, तर भरणार कोण? वेळेवर हप्ता भरणारा त्याचाच शेजारी.

मोटारीच्या लायसनवर पिकअप चालवली म्हणून वसुली होते, ही तक्रार जुनी झाली. 7500 किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचे लायसन चालते, असे घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये ठरवले. मालक गरीब असतो? चिरडलेला मजूर त्याहून गरीब होता.

आणि विमाच नसेल तर? तिथे आधी पैसे द्यायला कंपनीच नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड 2000 रुपये, आणि विधवेच्या हाती नुसता निवाड्याचा कागद. पुरेसे तारण दिल्याशिवाय अशी गाडी सोडू नका, तीन महिन्यांनी लिलाव करून पैसा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरा, असा नियम करायला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यांना सांगितले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 174 नुसार जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करू शकतात. हे दोन्ही उपाय कठोरपणे वापरा. कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर आणि बाजार समितीच्या फाटकावर पिकअप, विमा व लायसन पाहूनच आत घ्या. वसुलीची धास्ती असेल, तरच मालक किल्ली देण्याआधी लायसन मागेल.