पिंजऱ्याबाहेरचे काम

आषाढाच्या सरी सुरू झाल्या की बदलापूर ते नेरळ या पट्ट्यात साप दिसू लागतात. बिळांत पाणी शिरते, उंदीर आणि बेडूक कोरड्या जागेकडे सरकतात, त्यांच्या मागोमाग साप येतो. पूर्वी तो बांधावर, गोठ्यात, पेंढ्याच्या माचाखाली निघायचा. आता जिन्याखाली, मीटरच्या खोक्यामागे, पार्किंगमधल्या दुचाकीच्या सीटखाली निघतो. याच पट्ट्यातल्या वांगणीत गेल्या काही वर्षांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरींच्या जमिनींवर काल-परवापर्यंत भात लागत होता. साप तिथलाच आहे, राहायला आपण नव्याने आलो आहोत.

पण आणखी एक बदल झाला आहे आणि त्याची नोंद आपण पुरेशी घेत नाही. साप निघाला की आता पुष्कळ घरांत काठी शोधण्याआधी सर्पमित्राला फोन जातो. हे आपोआप घडलेले नाही. त्यासाठी काही माणसांनी आयुष्य वेचले, आणि त्यांच्यातल्या एकाची सुरुवात वांगणीहून दिसणाऱ्या माथेरानच्या डोंगरावर झाली.

नीलिमकुमार खैरे तरुणपणी माथेरानला एका विश्रामगृहात नोकरीला होते. माथेरानात साप निघणे रोजचेच. पहिला साप समोर आला तेव्हा, कोणीही मारला असता तसा, त्यांनी तो मारला. मग तो मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेत नेऊन दाखवला. तो बिनविषारी होता, कोणालाही अपाय करण्याजोगा नव्हता, हे तिथे कळले. इथवरची गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या घरात घडलेली असेल. पुढची मात्र त्यांचीच. ते साप ओळखायला शिकले, पकडायला शिकले, पकडून जंगलात सोडू लागले आणि लोकांशी बोलू लागले. जानेवारी १९८० मध्ये पुण्यात ते ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत दाखवायचे होते. तो विक्रम गाजला आणि आजही खैरे यांचे नाव निघाले की लोक तोच सांगतात.

आमच्या मते त्यांचे मोठे काम त्यानंतरचे आहे. १९८६ मध्ये पुणे महापालिकेच्या जागेत कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. जखमी आणि पोरक्या वन्य प्राण्यांसाठी अनाथालय सुरू झाले. १९९९ मध्ये त्याच परिसरात राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आले. शाळेच्या सहली कात्रजला जाऊ लागल्या. काचेपलीकडचा नाग आणि त्याच्या शेजारच्या पेटीतली धामण पाहिलेली मुले घरी आली आणि मोठ्यांना सांगू लागली की परसात निघालेली ती धामण आहे, उंदीर खाते, मारू नका. सर्पोद्यानाभोवती तरुणांचा गोतावळा जमला, त्यातून सर्पमित्र तयार झाले, त्यांनी आपापल्या गावी आणखी तयार केले. आज महाराष्ट्रात क्वचितच असा तालुका असेल जिथे साप निघाल्यावर बोलावता येईल असा एखादा पोरगा नाही. प्राणिसंग्रहालयाचे मोल पिंजऱ्यात किती प्राणी आहेत यावर करायची आपल्याला सवय आहे. कात्रजचे मोल पिंजऱ्याबाहेर किती साप जिवंत राहिले यावर करायला हवे.

याच वाटेने, पण एक पाऊल पुढे, मद्रासमध्ये रोम्युलस व्हिटेकर गेले. जन्म न्यूयॉर्कचा, पण १९५१ मध्ये लहानपणीच मुंबईला आलेला हा माणूस. त्यांनी १९६९ मध्ये मद्रासजवळ सर्पोद्यान सुरू केले. साप पकडायला त्यांना मदत करणारे आणि पुष्कळ काही शिकवणारे लोक इरुळा जमातीचे होते. इरुळा पिढ्यान्‌पिढ्या साप पकडत आणि कातड्यासाठी विकत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७६ मध्ये सर्पचर्माची निर्यात बंद झाली. सापांसाठी ही चांगली गोष्ट होती. इरुळांची मात्र चूल विझली. मातीवरच्या पुसट रेघेवरून कोणता साप कोणत्या बिळात गेला हे सांगणारी माणसे एका रात्रीत गुन्हेगार ठरण्याच्या बेतात होती.

व्हिटेकर यांनी इरुळांबरोबर १९७८ मध्ये सहकारी संस्था काढली. आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखात हा प्रयोग जितका सांगितला जायला हवा होता, तितका सांगितला गेला नाही, म्हणून त्याची रीत जरा तपशिलाने सांगतो. संस्थेचे सभासद सरकारी परवान्याने ठरावीक संख्येत नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे पकडतात. साप मडक्यात ठेवतात, मडक्याचे तोंड कापडाने बांधतात. भांड्यावर ताणून बसवलेल्या पातळ पडद्याला साप दंश करतो आणि विषाचे थेंब भांड्यात उतरतात. असे काही वेळा विष काढले की तीन-चार आठवड्यांत साप पुन्हा रानात सोडतात. सोडण्यापूर्वी पोटाखालचा एखादा खवला किंचित कापतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा पकडला गेला तर ओळखू येतो आणि परत सोडता येतो. कातीमागून कात टाकली की खूण भरून जाते. सापाचा जीव जात नाही, पकडणाऱ्याला मजुरी मिळते आणि त्या विषापासून सर्पदंशावरची लस तयार होते. देशात प्रतिविष बनवणाऱ्या कंपन्या विषासाठी मोठ्या प्रमाणावर याच संस्थेवर अवलंबून राहिल्या आहेत. ज्या लोकांना कायद्याने रानाबाहेर काढले असते, त्यांच्या हातच्या कौशल्यावर देशभरातले सर्पदंशाचे रुग्ण वाचतात.

आपल्याकडे याच जातीचे काम हेमलकशाला झाले. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ च्या डिसेंबरमध्ये भामरागडच्या जंगलात गेले ते दवाखाना काढायला. शिकारीत मेलेल्या माकडिणीला बिलगलेले पिल्लू माडिया शिकाऱ्यांकडून त्यांनी धान्य देऊन मागून घेतले, तिथून त्यांचे प्राण्यांचे अनाथालय सुरू झाले. नंतर बिबटे आले, अस्वले आली, साळिंदर, मगरी, साप आले. आमटे यांनी माडियांना शिकार करू नका असा उपदेश केला नाही. शिकार भुकेपोटी होते, हे त्यांना दिसत होते. त्यांनी धान्य दिले, दवाखाना चालवला, शाळा काढली, शेती शिकवली. शिकारीची गरज कमी झाली तशी शिकार कमी झाली, आणि पिल्लू सापडले की ते भाजण्याऐवजी हेमलकशाला पोचते करण्याची रीत पडली. मॅगसेसे पुरस्कार २००८ मध्ये मिळाला तो या सगळ्या कामाला.

तिन्ही उदाहरणांत प्राणी सांभाळणाऱ्याने आधी शेजारच्या माणसाचा विचार केला. खैरे यांनी भीती घालवली, व्हिटेकर यांनी रोजगार दिला, आमटे यांनी भूक भागवली. वन्यजीव वाचवा असे गावाला सांगताना बदल्यात गावाच्या पदरात काय पडणार, हे सांगता आले नाही तर तो उपदेश फार दिवस टिकत नाही. आमच्या पट्ट्यात नेमके हेच अडले आहे.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांत आणि सुमारे निम्मे पावसाळ्यात होतात; दंश अनेकदा शेतात किंवा घरात झोपेत होतो. अनवाणी लावणी करणारी बाई, रात्री पाणी पाहायला गेलेला शेतकरी, जमिनीवर झोपणारे कातकरी-ठाकर कुटुंब, वीटभट्टीवरचा मजूर यांच्या वाट्याला हा धोका येतो. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून सापाविषयी प्रेमाने बोलणे सोपे आहे. ते चूकही नाही. पण सापाला जिवंत ठेवण्याची किंमत जो मोजतो त्याच्या घरापर्यंत उपचार पोचले नाहीत, तर त्याच्या हातातली काठी खाली ठेवायला सांगण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

मण्यारीचेच पाहा. ती रात्री फिरते, उंदीर-पालींच्या मागे घरात येते, अंथरुणाच्या उबेला शिरते. तिचा दंश इतका बारीक असतो की झोपलेल्याला मुंगी चावल्यासारखेही वाटत नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात दुखते, गिळताना त्रास होतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात. घरच्यांना वाटते अपचन झाले, मग कोणी ओवा देतो, कोणी भगताकडे नेतो, आणि श्वास बंद पडायची वेळ येते तेव्हा रिक्षा शोधली जाते. गंमत म्हणून नव्हे, जिवावरची गोष्ट म्हणून प्रत्येक शाळेत हे शिकवायला हवे. त्याच मण्यारीसारखा दिसणारा कवड्या बिनविषारी असतो आणि तिच्या नावावर मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे बारीक पांढरे पट्टे जोडीजोडीने असतात, डोक्याजवळ पुसट आणि शेपटीकडे ठळक. अर्थात ही ओळख चित्रावरून शिकायची, जिवंत सापाजवळ वाकून नाही.

मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली आणि शक्य तिथे खाट मिळाली तरी मण्यारीचे पुष्कळ दंश टळतात. शेतात घोट्यावर येणारे बूट आणि रात्री हातात विजेरी असली तर घोणसीचे टळतात. दंश झालाच तर कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. अवयव न हलवता रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावे. हे सगळ्यांना ठाऊक आहे असे आपण समजतो. तसे असते तर मांत्रिकाकडे वेळ गेला नसता.

आता सर्पमित्रांविषयी. या मुलांचे उपकार मोठे आहेत. रात्री दोनला फोन आला तरी ते पदरचे पेट्रोल घालून येतात. पण साप पकडल्यावर शेपटी धरून व्हिडिओ काढणे, गळ्यात अडकवणे, जमलेल्या मुलांना हात लावू देणे हे प्रकार सुरू झाले आहेत आणि त्यातून अनुभवी माणसांचेही जीव गेले आहेत. खैरे यांनी काचेआड जे केले ते लोकांच्या मनातली भीती घालवण्यासाठी. ती भीती जिथे आधीच कमी झाली आहे, तिथे आता सावधपणा शिकवण्याची वेळ आहे. चांगला सर्पमित्र आकडीने सापाचे तोंड पिशवीला जोडलेल्या नळीकडे वळवतो, अंधार दिसताच साप आपण होऊन आत जातो, हात लावावा लागत नाही. मग तो वनविभागाला कळवतो, नोंद करतो आणि साप लांब कुठेतरी न नेता जवळच्याच योग्य अधिवासात सोडतो. बघ्यांना पाहायला यात फारसे काही नसते, आणि ते चांगलेच आहे. सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि अपघात विमा देण्याची घोषणा राज्य सरकारने २०२५ मध्ये केली. ओळखपत्राआधी प्रशिक्षण आणि परीक्षा असावी, आणि जो खेळ करील त्याचे ओळखपत्र जावे, असे आमचे म्हणणे आहे.

या परिसरातल्या कातकरी आणि ठाकर माणसांना रानाची, बिळाची, उंदरा-सापाची जी जाण आहे ती इरुळांपेक्षा कमी नाही. तिचा उपयोग आजवर कोणी करून घेतला नाही. सापाच्या विषातले घटक प्रदेशाप्रमाणे बदलतात, त्यामुळे तमिळनाडूतल्या विषापासून बनलेली लस सगळीकडे सारखी लागू पडतेच असे नाही, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या सापांचे विष महाराष्ट्रात गोळा करण्याला वैद्यकीय कारणही आहे. हाफकिनसारखी सव्वाशे वर्षांची संस्था, वनविभाग आणि आदिवासी विकास विभाग एकत्र बसले तर ठाणे-रायगडच्या आदिवासींची अशी सहकारी संस्था काढणे अशक्य नाही. त्यासाठी परवाने, शास्त्रशुद्ध देखरेख आणि काही वर्षांचा धीर लागेल. तो दाखवायची तयारी सरकारने जाहीर करावी.

तोवर करता येण्याजोगे काम जवळचे आहे. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. त्याची कसोटी दिल्लीत लागणार नाही, वांगणीसारख्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागेल. पावसाळ्याचे चार महिने तिथे प्रतिविषाचा पुरेसा साठा, ते देण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर रात्रीही हजर, आणि श्वासाला आधार देत रुग्णाला पुढे नेणारी रुग्णवाहिका, एवढे ठाणे जिल्हा परिषदेने करावे. सर्पदंशाने शेतकरी दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळू शकतात, ही माहिती ग्रामपंचायतीने फलकावर लावावी. आणि या पावसात ज्याच्या दारात साप निघेल त्याने मुलांना आत घ्यावे, लांबून त्याच्यावर नजर ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.